उपाशीपोटी मत

डिसेंबरची थंडी पडली की शाळेच्या ग्रुपवर हुकूम येतो, तसा यंदाही आला. मतदार यादीची पडताळणी करायची आहे, घरोघरी जाऊन, प्रत्यक्ष भेट देऊन. 'प्रत्यक्ष' हा शब्द जाड अक्षरांत होता. आमच्या मास्तर लोकांनी कपाळाला हात लावला. एकानं लिहिलं, शिकवायचं तेवढं सोडून बाकी सगळं आपल्याच बोडक्यावर. दुसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. एरवी अशा वेळी सगळ्यात आधी माझी जीभ सुटते, मुख्याध्यापकसुद्धा मला जरा वचकूनच असतात. पण या हुकुमाची गोष्ट वेगळी. 'प्रत्यक्ष' वाचलं की मी मुकाट्यानं 'हो सर' लिहून मोकळी होते.

नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या पुढे अमरावती रोड सोडून आत वळलं की गोदामं लागतात, आणि गोदामांच्या पाठीमागे आमचं गाव. म्हणायला ग्रामपंचायत, पण अर्धं गाव भाड्याच्या खोल्यांत राहतं. कुही-उमरेडकडून आलेले हमाल, ट्रकचे ड्रायव्हर-क्लीनर, पोती शिवणाऱ्या बाया. थंडीतली इथली सकाळ डिझेलच्या आणि बारदान्याच्या वासाची असते. लोक रस्त्याच्या कडेला जुनं टायर पेटवून शेकत बसतात. त्या धुरानं घसा खवखवतो, आणि कोणी खोकललं की मी अजून दचकते. इतकी वर्षं झाली तरी दचकते. महामारीच्या सालानं अंगाला लावलेली ही खोड काही केल्या जात नाही.

ते साल आठवायचं म्हटलं तर मला आधी आवाज आठवतात. रोडवर रात्रंदिवस धडधडणारे ट्रक थांबले होते आणि त्या रिकाम्या रोडवरून अँब्युलन्स जात. पावसाळा सरत आला होता, दाराच्या कड्या ओलसर असायच्या, आणि त्या कडीला हात लावायचा की नाही याचाही माणूस विचार करायचा. शाळेला कुलूप होतं. घरात सासूबाई होत्या, जन्माच्या दमेकरी. रात्री त्यांचा श्वास वाजला की मी उठून बसायची आणि पुढचा श्वास येईपर्यंत माझा धरून ठेवायची. त्यातच यादीचा हुकूम आला. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आहे, यादी स्वच्छ करा. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं वगळा.

आता खरं सांगते, यादी कशी होते ते. ज्याला गल्लीची खडान्‌खडा माहिती आहे असा एक माणूस गाठायचा. किराणावाला, गिरणीवाला, नाहीतर एखादी रिकामटेकडी आजी. त्याच्यासमोर यादी उघडायची आणि एकेक नाव वाचत जायचं. कोण लग्न होऊन गेली, कोण वारलं, कोणाच्या घरी नवीन सून आली, सगळं तो बसल्या जागी सांगतो. प्रत्येक घराची कडी वाजवणारा कर्मचारी मी अजून पाहिला नाही. मी तरी बरी, दहातली आठ घरं चढायची. त्या साली एकही चढले नाही.

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. दुकानदाराला सगळे भाऊच म्हणत. काउंटरच्या पुढे त्यानं दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे भाऊ, आणि समोर तो लोखंडी जिना, ज्याच्या वर ओळीनं भाड्याच्या खोल्या होत्या.

"पहिली खोली?" मी विचारलं.

"कुलूप हाय, मॅडम. गावाले गेले."

"परत येणार?"

"आता कायचे येतात. गोदाम बंद, काम बंद. इथं राहून काय माती खातीन?"

अशी अकरा नावं झाली. शेवटचं नाव शेवंताबाईचं होतं. "तेबी गेली," भाऊ म्हणाला, "कुहीकडं, बहिणीपाशी." माझा पेन थांबला. ही बाई मला माहीत होती. जिन्याला पंधराएक पायऱ्या असतील. मी वर पाहिलं. एका खोलीबाहेर कोणाचीतरी चादर वाळत होती, म्हणजे वर कोणीतरी होतं. पण त्याच वेळी वरून खोकल्याचा आवाज आला. मी नावापुढे 'स्थलांतरित' लिहिलं. पंचनामा केला, साक्षीदार म्हणून भाऊची सही घेतली. दाराला चिकटवायच्या नोटिसा असतात, त्याही भाऊच्याच हातात दिल्या आणि म्हटलं, सवडीनं लावून टाका. लावल्या की नाही, मी कधी विचारलं नाही.

शेवंताबाई पोती शिवायची. साठीच्या आसपासची, ठेंगणी, कमरेला खोचलेला पदर आणि हातात सदा दाभण. नवरा कधीचाच वारलेला, मूलबाळ नाही. मी या गावात बदलून आल्यापासून प्रत्येक मतदानाला पहिला नंबर तिचा. दार उघडायच्या आधी पांढरं धुवट लुगडं नेसून उभी. एकदा रांग लांबली, ऊन चढलं, म्हणून मी तिला चहा पुढे केला तर तिनं हात मागे घेतला. मला वाटलं उपास असेल, तसं विचारलं.

"उपास तुमच्यात, मॅडम," ती हसली. "आमच्या बापानं नागपुराले दीक्षा घेतली, तवापासून घरात उपास-तापास नाही."

"मग?"

"आमच्या गावात मालगुजार मताच्या दिवशी पंगत उठवे. पोटभर खाऊ घाले, अन् तिथूनच रांगेनं मताले घेऊन जाये. बाप म्हणे, खाल्ल्या मिठाले माणूस जागतेच. म्हणून मताले जातानी पोटात कोणाचंच मीठ नसावं. आपल्या घरचंबी नाही."

मतदान करून ती घरी जायची आणि मगच चूल पेटवायची. आमच्या घरात मतदानाची सुट्टी म्हणजे पुरणपोळीचा बेत असतो, त्यामुळे मला हे सगळं जरा अतीच वाटलं होतं. तरी लक्षात राहिलं.

थंडीत निवडणूक लागली. आजार थोडा ओसरला होता, पण गेला नव्हता. मला वाटलं होतं, काळं कुत्रं फिरकणार नाही. लोक भाजी घ्यायला बाहेर पडत नव्हते, मताला काहून येतील? सकाळी मी यादीतल्या नंबराच्या चिठ्ठ्या द्यायला शाळेच्या फाटकाशी टेबल मांडलं, यादी उघडली आणि मान वर केली तर रांग गिरणीपर्यंत गेली होती. चुन्याचे गोल आखले होते, ते पुरेनात. तोंडं झाकलेली, ओळखू कोणी येईना. ज्यांची पोरं मी पाच-पाच वर्षं शिकवली त्यांना नाव विचारावं लागत होतं.

त्या दिवसांत टीव्हीवर जाणती माणसं बसून बोलायची, की संकटात माणूस मताला का येतो. कोणी म्हणे भीतीनं, कोणी म्हणे रागानं. मी टेबलाशी बसून जे ऐकलं ते इतकं सरळ नव्हतं. एक हमाल चिठ्ठी घेताना म्हणाला, "टाक्या कोरड्या होत्या तवा टँकर कोणं आणला अन् कोण दार लावून बसला, सगळं लक्षात हाय, मॅडम." त्याच्या मागची बाई म्हणाली, "वर्षभर सारे म्हणून राहिले, येऊ नोका, येऊ नोका. हे एकच बलावणं आलं, या म्हणून." एका म्हाताऱ्याला मी विचारलं, बाबाजी, तुम्ही कशाला आलात या वयात, तर तो माझ्यावरच खेकसला. घरातल्या घरात मरायची पाळी आली होती, मेलो नाही, हे एकदा कागदावर लागू द्या, म्हणाला. मी त्याच्या चिठ्ठीवर नंबर टाकला आणि पुढच्याला हाक मारली.

अकराच्या सुमाराला ती आली. पांढरं लुगडं, तोंडाला घरीच शिवलेलं सुती फडकं, हातात कापडी पिशवी. कुहीची पहिली एसटी धरून नागपूर, तिथून दुसरी बस वाडीपर्यंत, पुढे पायी. मी तिला लांबूनच चालीवरून ओळखलं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो पळून जायचा. लघवीचं निमित्त करून उठावं आणि टेबल दुसऱ्या कोणाला द्यावं, असं खरंच मनात आलं.

"चिठ्ठी द्या, मॅडम," ती म्हणाली. "पाय दुखून राहिले."

यादीत नाव नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी पानं उलटली, बोट फिरवलं, पुन्हा उलटली.

"नाव दिसत नाही, शेवंताबाई."

"नीट पाहा. मांगच्या टायमाले होतं."

"वगळलं गेलं आहे."

"कोणं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून होतं ते. कम्प्युटरमधून."

तिनं विश्वास ठेवला. आजही जीव जळतो तो त्यासाठी. तिनं मान हलवली, जसं काही कम्प्युटर म्हणजे आपल्यासारखाच एक थकलेला माणूस, चुकतो कधी कधी. मी आत केंद्राध्यक्षांकडे गेले. बाहेरगावचा सज्जन माणूस, श्वासानं मास्क ओला झालेला. "मॅडम, यादीत नाव नाही म्हणजे माझे हात बांधले," ते म्हणाले. "वगळलं असेल तर पंचनामा झाला असेल ना? इथलं यादीचं काम कोणाकडे आहे?"

"माझ्याकडेच."

"प्रत्यक्ष जाऊन केला होता ना पंचनामा?"

"हो सर," मी म्हणाले. दोन मिनिटांत दुसरं खोटं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रजिस्टरमध्ये मान घातली.

वगळलेल्या अकरांपैकी आणखी दोघं आले होते. त्यांनी आरडाओरडा केला, उमेदवारांच्या माणसांनी त्यात तेल ओतलं, पोलिसानं काठी आपटली, आणि शिव्या देत दोघं निघून गेले. मला तेव्हा बरं वाटलं. ओरडून जाणाऱ्याचं सोसता येतं. शेवंताबाई ओरडली नाही आणि गेलीही नाही. शाळेच्या नळाच्या ओट्यावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

दुपार झाली. माझा डबा टेबलाखाली तसाच होता. मी तो घेऊन तिच्याकडे गेले. पोळी आहे, वांग्याची भाजी आहे, दोन घास खाऊन घ्या, म्हटलं.

"मत टाकलं नाही अजून."

"आज नाही होणार, शेवंताबाई. ऐका माझं. बसची वेळ होते तुमची."

"पाच वाजेपर्यंत काई सांगता येत नाही, मॅडम. तुमचा कम्प्युटर सुधरला तं?"

माझ्या हातातला डबा मी तसाच परत आणला. बाईनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि माझ्या एका थापेच्या भरवशावर बसली होती. त्यानंतरचे दोन-तीन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. प्रत्येक चिठ्ठी देताना डोळ्याच्या कोपऱ्यात ते पांढरं लुगडं दिसायचं. ऊन सरकलं तशी तीही ओट्यावर सरकत गेली. एकदा तिनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली. मी अर्धी उठले, तर तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, झालं का, अशी.

मतदानाचा शेवटचा अर्धा तास आजारी माणसांसाठी ठेवला होता. आतल्या लोकांनी प्लास्टिकचे पोशाख चढवले, पोलिसानं बाकीच्यांना लांब केलं. मैदानात एकदम चिडीचूप झालं. एक तरणी बाई आली, दोघांनी काखेत धरलेली, चार पावलं टाकायची आणि थांबून खोकायची. सगळे मागे सरले. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मनात सासूबाईंचा श्वास वाजत होता. घरी गेल्यावर कपडे कुठे टाकायचे, आंघोळ आधी की अंगणात साबण आधी, हाच हिशेब चालला होता माझ्या डोक्यात. ती बाई आत गेली, बटण दाबून बाहेर आली आणि तशीच दोघांच्या आधारानं फाटकाबाहेर गेली. तिला काय पडलं होतं मताचं? मला तेव्हा समजलं नाही, आजही समजलं आहे असं मी म्हणणार नाही.

फाटक बंद झालं. साखळी अडकवल्याचा आवाज आला. शेवंताबाई ओट्यावरून उठली, लुगडं झटकलं आणि माझ्या टेबलाशी आली.

"आता जेवू का, मॅडम?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मत दिलं की जेवायचं, एवढंच बापानं शिकवलं होतं. मत देऊ दिलं नाही तर कधी जेवायचं, हे त्यालाही सुचलं नसेल.

"मीच कापलं तुमचं नाव," मी म्हणाले. "कम्प्युटरनं नाही. मी."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "बाजूच्या बाईले सांगून गेली होती मी, परत येतो म्हणून. वर आल्या नाही?"

"नाही. खालूनच विचारलं, दुकानात."

"भेव लागलं असन."

"हो," मी म्हटलं. "घरी सासू आहे, दमेकरी. वर कोणीतरी खोकलत होतं."

"मलेबी लागलं होतं," शेवंताबाई म्हणाली. "मी आली ना."

आवाज चढवला नाही, की बोट दाखवलं नाही. नळावर जाऊन हात धुतले, पिशवीतून आपलीच भाकर काढली आणि उभ्या उभ्या खाल्ली, बस चुकेल म्हणून घाईघाईनं. मी डबा पुढे केला नाही. माझं मीठ तिनं घेतलं नसतं, आणि नाही म्हणायची पाळी मला तिच्यावर आणायची नव्हती.

यंदा मी तो जिना रोज चढते. गुडघे बोलतात. वरच्या खोल्यांत आता बहुतेक नवीन लोक आहेत, मला बघून हसतात. मॅडम, फोन करायचा ना, एवढं वर कायले येता, म्हणतात. मी कडी वाजवते, माणूस बाहेर येईपर्यंत थांबते, तोंड बघते आणि मगच टिक करते. भाऊ अजून दुकानात आहे. त्याला वाटतं माझं डोकं फिरलं आहे. मुख्याध्यापक सरांनाही वाटत असेल, कारण माझं काम सगळ्यांत मागे राहतं.

सीमेवर तणाव वाढतो, मोबाइलवर दिवसरात्र त्याच बातम्या येतात, तेव्हाही मी पाहिलं आहे. एरवी यादीकडे ढुंकून न पाहणारी माणसं रस्त्यात गाठून विचारतात, मॅडम, माझं नाव आहे ना? देशावर काही आलं की माणसाला आपण मोजणीत धरले गेलो आहोत की नाही, याची आधी खात्री लागते. निदान मी तरी तसं समजते. माझी समजूत चुकीचीही असेल, मी काही टीव्हीवर बसणारी बाई नाही. पण मोजणीतून एखाद्याला काढून टाकणं काय असतं, ते मी केलं आहे, म्हणून थोडं बोलते.

त्या निवडणुकीनंतर गोदामं उघडली तशी शेवंताबाई परत आली होती. त्याच खोलीत, तेच दाभण. मी पहिल्या आठवड्यात वर गेले, नाव घालायचा अर्ज स्वतः भरला, तिचा फोटो काढला, सही घेतली. कार्ड आलं तेही मीच नेऊन दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि ट्रंकेत ठेवलं. चहा पाजला. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. मला वाटलं, फिटलं. माणूस किती लवकर स्वतःला माफ करतो.

मग मोठी निवडणूक आली, एप्रिलमधली. आजार नाही, तणाव नाही, सगळं आलबेल. वरून मात्र दट्ट्या होता की टक्का वाढला पाहिजे. आम्ही फेऱ्या काढल्या, पोरांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, फाटकाशी रांगोळी घातली, मांडव टाकला, माठ ठेवले. आणि लोक आले नाहीत. नागपूरचा उन्हाळा, त्यात सुट्टी, कूलरसमोरून कोण उठतो? सकाळी मी रांगेत पहिलं पांढरं लुगडं शोधलं. नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले. दुपारी सरांचा फोन आला, आपलं केंद्र सगळ्यांत खाली आहे, घरोघरी जा आणि माणसं आणा.

मी रुमाल डोक्याला बांधला आणि आधी तो जिना चढले. लोखंड तापून चटका देत होतं. मनात धास्ती होती, आजारी तर नाही ना, सकाळपासून उपाशी पडली असेल आणि कोणी बघायला नाही. दार उघडंच होतं. शेवंताबाई जमिनीवर बसून वाल निवडत होती. बाजूला उष्टं ताट होतं, त्यात भाकरीचा तुकडा आणि मिरचीचं देठ.

"या मॅडम, बसा," ती म्हणाली. "जेवल्या का?"

"तुम्ही जेवल्या?"

"सकाळीच. काहून?"

मी ताटाकडे बघत होते हे तिनं पाहिलं असावं. तिनं ते उचलून मोरीत ठेवलं.

"बापानं सांगितलं होतं ना तुमच्या," मी कसंबसं म्हटलं.

"सांगतलं होतं. पण बापाचं नाव कोणं कापलं नव्हतं." ती पुन्हा वालाकडे वळली. "आता म्या ठरवलं, जेवून घ्यायचं. नाव असंल तं टाकू, नसंल तं घरी येऊ. उपाशी कायले राहायचं?"

मी म्हटलं, नाव आहे, मी स्वतः पाहिलं आहे, चिठ्ठी माझ्याकडे आहे. ही बघा. तिनं चिठ्ठी घेतली, न वाचता.

"चला, येतो," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात तुम्ही वर आल्या."

अंगावरच्या रोजच्या लुगड्यावरच तिनं चप्पल घातली. रांग नव्हतीच. ती आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. सरांना कळवायच्या कागदावर मी एक आकडा वाढवला. ती टेबलाशी थांबली आणि शाई लावलेलं बोट माझ्यासमोर धरलं.

"झालं ना मॅडम, तुमचं काम?"

मी हो म्हटलं.